ओळ पुसू नका, शेरा लिहा

नाशिक जिल्ह्याच्या शेजाऱ्यांची नावं आज लिहायला घेतली, तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यादीशी ती जुळणार नाहीत. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. सह्याद्री, गोदावरी, कसारा घाट सगळं जागच्या जागी, पण जिल्हा निवडायचा ड्रॉपडाउन तीनदा बदलायला हवा होता. प्रत्यक्षात काही फॉर्मांत अजून जुनीच नावं दिसतात, काहींत नवी दिसतात आणि काही ठिकाणी दोन्ही आहेत, एक 'अह'मध्ये वर आणि दुसरं थोडं खाली. अशा फॉर्मांतून आलेल्या माहितीचा तक्ता काढला की एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात. लोक याला सरकारी आळस म्हणतात. मला ते निदान अपुरं वाटतं. कोणीतरी एकदा ती यादी प्रोग्रॅमच्या पोटात टाइप केली आणि ती पुढे कोणी सांभाळायची हे ठरलंच नाही, हा खरा रोग आहे.

हाच रोग वेबच्या मुळाशीही आहे आणि त्यावर इंटरनेटच्या जगात, वेबच्याही आधीपासून, गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. तो वाद आपण नीट पाहिला पाहिजे, कारण त्यात आपल्या भाषेचाही हिस्सा आहे.

वेबपान म्हणजे बऱ्याच अंशी 'इथे अमुकपैकी एक लिहा' अशा जागांचा समूह. पान कोणत्या भाषेत आहे, हे चित्र कोणत्या प्रकारचं आहे, या दुव्याचं त्या पानाशी नातं काय, घड्याळ कोणत्या विभागाचं, फॉर्मच्या या चौकटीत आडनाव यायचंय की पिनकोड. प्रत्येक जागेसाठी मान्य शब्दांची यादी असते. मानक लिहिणारे लोक व्याकरण ठरवतात. ते वर्षानुवर्षं टिकतं. यादी मात्र जिवंत असते. नवी भाषा नोंदवली जाते, नवा चित्रप्रकार येतो, शहराचं नाव बदलतं. म्हणून माझं म्हणणं असं की मानकाच्या मजकुरात यादी ठेवूच नये. ती बाहेर वेगळ्या नोंदवहीत असावी, तिच्यावर राखणदाराचं नाव असावं, आत यायचा दरवाजा रुंद असावा आणि एकदा लिहिलेली ओळ कधीही खोडली जाऊ नये. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सुरुवातीला राखणदार एकच माणूस होता. १९७२ मध्ये, इंटरनेटच्या जडणघडणीतले एक संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी एका छोट्या टिपणात सुचवलं की जोडणीचे अधिकृत क्रमांक वाटायला एक सर्वाधिकारी असावा, आणि कंसात प्रश्नचिन्हासह स्वतःचंच नाव पुढे केलं. पुढे ते काम त्यांनी १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनी दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या आपल्या नव्या एसएसएच प्रोग्रॅमसाठी २२ हा पोर्ट, म्हणजे जोडणीचा, क्रमांक मेल लिहून मागितला आणि दुसऱ्या दिवशी तो मिळाला. आज जगभरचे सर्व्हर त्या क्रमांकावर कुलूप लावून बसलेत. एका माणसाच्या वहीवर जग चालत होतं हे ऐकायला छान वाटतं, पण ते माणूस चांगला होता म्हणून चाललं. नियम नंतर लिहिले गेले. कुठली यादी किती कडक ठेवायची याच्या पायऱ्या आता ठरलेल्या आहेत: काही ठिकाणी आधी येईल त्याला क्रमांक, काही ठिकाणी जाणकाराची तपासणी, काही ठिकाणी संपूर्ण मानक मंजूर झाल्याशिवाय नोंद नाही. वेबचं मानक करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं मात्र 'रजिस्ट्री' हा वेगळा दस्तऐवज-प्रकार आपल्या कार्यपद्धतीत आणला तो २०२१ मध्ये. तोवर याद्या कुठे विकीवर, कुठे टिपणात, कुठे थेट मानकातच पडलेल्या असत, आणि मानकातल्या यादीत एक शब्द घालायचा तर अख्खं मानक पुन्हा मंजुरीच्या फेऱ्यातून काढावं लागे. आता रजिस्ट्री काढताना तिचे रकाने कोणते, बदल कसा होणार आणि सांभाळणार कोण हे आधी लिहून द्यावं लागतं. उशिरा आलेलं शहाणपण, पण आलं.

यादी सांभाळणाऱ्यांनी जगाकडे पाठ फिरवली की काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जावास्क्रिप्टचं, म्हणजे वेबपानांत चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या भाषेचं आहे. सर्व्हर ब्राउझरला फाइल पाठवतो तेव्हा ती कसली आहे हे एका शब्दात सांगतो. जावास्क्रिप्टसाठी सगळे 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' लिहीत. २००६ मध्ये आरएफसी ४३२९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचं क्रमांकित टिपण) आली आणि तिनं जाहीर केलं की हा शब्द कालबाह्य. इथून पुढे 'ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट' लिहा. कारण तात्त्विकदृष्ट्या बरोबर होतं: 'टेक्स्ट' म्हणजे माणसानं वाचायचा मजकूर, त्याच्या अक्षरसंचाचे नियम वेगळे, आणि हा तर चालवायचा प्रोग्रॅम. पण त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररला स्क्रिप्टच्या टॅगमध्ये हा नवा शब्द दिला की तो स्क्रिप्ट चालवतच नसे. मग कोण लिहिणार? अधिकृत यादी एक सांगत होती, कोट्यवधी पानं दुसरंच लिहीत होती आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी सांभाळलेलं एचटीएमएलचं, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेचं, मानकही शेवटी पानांच्याच बाजूनं उभं राहिलं. नवशिक्या डेव्हलपरनं यादी उघडावी आणि प्रामाणिकपणे चुकीचा शब्द उचलावा, अशी ती व्यवस्था होती. २०२२ मध्ये आरएफसी ९२३९ नं माघार घेतली: 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' हाच प्रचलित शब्द, बाकीचे कालबाह्य. सोळा वर्षं यादी खोटं बोलत होती. इथे मी ब्राउझरवाल्यांच्या बाजूचा आहे. यादीचं पहिलं काम जग कसं आहे ते सांगणं. जग कसं असावं हे सांगायचं असेल तर त्यासाठी शेजारी वेगळा रकाना ठेवावा.

याच्या उलट चूक म्हणजे दरवाजा इतका अरुंद ठेवणं की लोक खिडकीतून येतात. नोंदणी किचकट होती म्हणून जुन्या काळी लोक स्वतःच्या शब्दाआधी 'एक्स-' लावून मोकळे होत: हा प्रयोग आहे, अजून अधिकृत नाही. प्रयोग यशस्वी झाला की तो 'एक्स' निघायला हवा, पण तोवर लाखो प्रोग्रॅम ते लिहीत असतात. म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचं एचटीटीपी हे मानक आजही सांगतं की 'एक्स-जीझिप' आलं तर ते 'जीझिप' (माहिती दाबून लहान करायची एक पद्धत) हेच समजा. २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ नं ही प्रथाच बंद करायला सांगितली. गूगलनं वेबपी हा चित्रप्रकार २०१० मध्ये आणला, सगळे ब्राउझर यथावकाश तो दाखवू लागले, आपल्या मोबाइलमध्ये ती चित्रं साठून राहिली, आणि त्याची अधिकृत नोंद पक्की करणारी आरएफसी निघाली २०२४ मध्ये. चौदा वर्षं सगळे नोंद नसलेला शब्द वापरत होते आणि कोणाचं काही अडलं नाही. मग नोंदवहीला अर्थ काय उरला?

विरोधी बाजू इथे गंभीर आहे आणि ती मी झटकणार नाही. ब्राउझर बनवणारे म्हणतात, कोणीही यावं आणि शब्द नोंदवावा अशी यादी म्हणजे कचराकुंडी. दुव्यांच्या नात्यांसाठी विकीवर चालवलेल्या यादीत असे कित्येक शब्द पडून आहेत जे एकही ब्राउझर ओळखत नाही. नोंद झाली म्हणजे चालेल असं लोक धरून चालतात आणि फसतात. शिवाय उघड्या दारातून कोण काय घुसवेल याचा नेम नसतो. म्हणून ते म्हणतात, जे खरोखर चालतं, ज्याच्या चाचण्या आहेत, तेवढंच मानकात लिहा आणि मानकच रोज सुधारा.

यात एक गोष्ट बरोबर आहे: नोंद म्हणजे ब्राउझर तो शब्द ओळखेल याची हमी नव्हे, हे यादीनं स्पष्ट सांगायला हवं. पण त्यासाठी दार बंद करायची गरज नाही, स्थितीचा रकाना पुरतो. पत्त्याच्या सुरुवातीला येणाऱ्या 'एचटीटीपीएस', 'मेलटू' यांसारख्या शब्दांच्या नोंदवहीत हे केलेलं आहे. तिथे 'तात्पुरती' नोंद जवळपास मागेल त्याला मिळते आणि 'कायम' नोंद जाणकाराच्या तपासणीनंतर. दोन माणसांनी एकच शब्द दोन अर्थांनी वापरू नये, हा नोंदवहीचा मूळ हेतू तात्पुरत्या नोंदीनंही साधतो. आणि सगळं ब्राउझरवाल्यांच्या रोजच्या मानकात ठेवायचं म्हटलं, तर यादीत काय असावं हे तीन-चार कंपन्यांच्या बैठकीत ठरणार. त्या कंपन्यांना कळवणच्या किंवा सटाण्याच्या माणसाची अडचण कळायला कोणता रस्ता आहे? नोंदवहीच्या अर्जाला निदान पोस्टाचा पत्ता तरी असतो.

आता न खोडण्याबद्दल. महाराष्ट्रात हे कोणाला शिकवायची गरज पडू नये, कारण आपल्या सातबाऱ्यानं ते कधीच सोडवलं आहे. जमीन विकली म्हणून जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत. त्याला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक पडतो, आणि त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवहीत जाऊन कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते सापडतं. तलाठी नोंद धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. त्यात किती घोळ होतात ते निफाड-दिंडोरीत कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल, पण घोळ उघडकीला येतो तोही त्या कंसामुळेच. पुसलेलं नाव कोर्टात उभं राहू शकत नाही.

वेबच्या चांगल्या नोंदवह्या हेच करतात. भाषांच्या उपटॅगांच्या, म्हणजे मजकुराची भाषा सांगणाऱ्या छोट्या खुणांच्या, यादीत हिब्रूसाठी पूर्वी 'आयडब्ल्यू' होतं आणि इंडोनेशियनसाठी 'आयएन'. ते बदलून 'एचई' आणि 'आयडी' झाले, पण जुन्या ओळी तिथेच आहेत. 'कालबाह्य' असा शेरा आणि त्याऐवजी काय वापरावं ते शेजारी. नियमच आहे की एकदा नोंदवलेला उपटॅग काढायचा नाही आणि त्याला वेगळाच अर्थही द्यायचा नाही. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक आणि नाव देणारं युनिकोड तर इतकं कर्मठ आहे की एका चिन्हाच्या अधिकृत नावात 'ब्रॅकेट'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट छापली गेली, तर चूक मान्य करून शेजारी दुरुस्त नाव दिलं, मूळ नाव मात्र तसंच ठेवलं. हसू येतं, पण ज्या प्रोग्रॅमनं ते नाव साठवलं असेल तो उद्या मोडणार नाही.

वेळेच्या विभागांच्या नोंदवहीतलं आपलं उदाहरण तर घरातलंच. भारताच्या विभागाचं नाव पूर्वी 'एशिया/कलकत्ता' होतं, शहराचं नाव २००१ मध्ये बदलल्यावर काही वर्षांनी ते 'एशिया/कोलकाता' झालं आणि जुनं नाव नव्याकडे बोट दाखवत राहिलं. तरी कित्येक वर्षं नाशिकमधल्या लॅपटॉपवर क्रोमला विचारलं तर तो कलकत्ता सांगे आणि फायरफॉक्स कोलकाता, कारण क्रोम ज्या माहितीसंचावर अवलंबून होता त्यानं स्थैर्यासाठी जुनंच नाव मुख्य धरलं होतं. दोघंही चूक नव्हते. चूक होती ती हे दोन शब्द अक्षरशः जुळवून पाहणाऱ्या आणि न जुळल्यास वापरणाऱ्याला परदेशी समजणाऱ्या प्रोग्रॅमची.

ज्या यादीत नाव आणि खूण एकच असतात तिचे हाल तेलंगणात दिसले. राज्यांचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरवणाऱ्या आयएसओनं नोव्हेंबर २०२३ मध्ये तेलंगणाचा 'टीजी' बदलून 'टीएस' केला, तेव्हा गाड्यांच्या पाट्यांवर होता तोच. पुढच्या मार्चमध्ये तेलंगणानं पाट्यांवरचं 'टीएस' काढून 'टीजी' आणलं. या उलट जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहा. महाराष्ट्राला २७. दुकानाच्या प्रत्येक बिलावर ते असतं, कोणाला त्याचं काही वाटत नाही आणि नावाच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही. आंध्राचं विभाजन झालं तेव्हा नव्या आंध्राला ३७ मिळाला. जुना २८ यादीत 'विभाजनापूर्वी' अशा शेऱ्यासह राहिला. दमण-दीवचा २५ दादरा-नगर हवेलीच्या २६ मध्ये विलीन झाला, पण म्हणून २५ दुसऱ्या कोणाला दिला नाही. करखात्याबद्दल चांगलं लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते. जिल्हे, तालुके, गावं यांच्यासाठीही पंचायतराज मंत्रालयाची अशीच निर्देशिका आहे, प्रत्येक गावाला क्रमांक देणारी. नाव बदलो, क्रमांक तोच. असं असताना प्रत्येक पोर्टल बनवणारा कंत्राटदार जिल्ह्यांची यादी स्वतः टाइप करतो, आणि निविदेत त्याला कोणी अडवत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी नोंदणीचे, निवासाचे, वाहनतळांचे फॉर्म बनतील तेव्हा निविदेत एक कलम घालता येईल: स्थळांची यादी निर्देशिकेतूनच घ्यावी, नाव नव्हे तर क्रमांक साठवावा, आणि यादीच्या अद्ययावतपणाला कोणतं पद जबाबदार ते पानाच्या तळाशी छापावं. याला पैसे लागत नाहीत.

मराठीचा हिस्सा मी वर म्हटला तो आता. मराठीचा उपटॅग 'एमआर'. तो शोभेचा नाही. काही देवनागरी फाँटांमध्ये मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' वेगळा ठेवलेला असतो, आणि पानावर 'एमआर' लिहिलं असेल तरच ब्राउझर तो उचलतो. 'एचआय' लिहिलं किंवा काहीच नाही लिहिलं, तर हिंदी वळण येतं. राज्य सरकारनं २००९ मध्ये अक्षरांच्या मराठी वळणाचा शासन निर्णय काढला, पण तो पडद्यावर उतरायला यादीतली दोन अक्षरं पानावर लिहावी लागतात. सरकारी संकेतस्थळांपासून सुरुवात केली तरी चालेल.

मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. आंतरराष्ट्रीय यादीत तिची 'एएचआर' अशी ओळ आहे आणि खानदेशीची 'केएचएन' अशी वेगळी. आपल्या जनगणनेच्या तक्त्यात मात्र अहिराणी खानदेशीच्या पोटात येते. अहिराणी खानदेशीचा भाग की तीच खानदेशी, यावर धुळ्या-जळगावात तास-दोन तास सहज जातील. यादीनं मात्र भूमिका घेऊन टाकली आहे, आणि ती घेताना विचारायला इथला कोण होता? भाषांच्या त्या यादीत बदल सुचवायचा अर्ज कोणालाही करता येतो. दार उघडं असण्याचा उपयोग आत जाणाऱ्यालाच होतो.

मला त्याहून नडतं ते जुन्या मराठीचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. अशा ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन होऊन मजकुरात उतरू लागली की 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' हे सगळं शुद्धलेखन तपासनिसाला चूक वाटतं; लाल रेघांनी पान रंगतं आणि 'काही' शोधलं तर 'कांहीं' सापडत नाही. मजकूर कोणत्या लेखनपद्धतीचा आहे हे यंत्राला सांगायची सोय उपटॅगांच्या यादीत आहे. जर्मननं १९०१ च्या आणि १९९६ च्या लेखननियमांसाठी दोन वेगळे उपटॅग घेतले. संस्कृतसाठी वैदिक, लौकिक, इतिहास आणि बौद्ध असे चार आहेत. लिव्हरपूलच्या बोलीलाही एक आहे. अर्ज छोटा असतो: प्रस्तावित उपटॅग, कोणत्या भाषेसाठी, वर्णन, छापील आधार. दोन आठवडे जाहीर चर्चा होते, मग परीक्षक निर्णय देतो. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या या गावात होणाऱ्या भाषणांपैकी एकाच्या तयारीइतका वेळ लागेल.

अर्जातली एक अडचण मात्र खरी आहे. वर्षाचा आकडा उपटॅग म्हणून चालतो, चार अक्षरी आणि अंकानं सुरू होणारा असला म्हणजे झालं. पण आकडा कोणता द्यायचा? लेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले, त्यात चार १९७२ मध्ये वाढले. शिवाय आपल्याला खूण हवी आहे ती त्याआधीच्या लेखनाला, आणि त्या लेखनाला छापील नियमांचं एकच पुस्तक नाही, पुणेरी छापखाने आणि शाळाखातं यांच्या सवयी आहेत. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. त्याचं उत्तर व्याकरणकारांनी, ग्रंथपालांनी आणि एखाद्या डेव्हलपरनं एकत्र बसून द्यावं लागेल, आणि त्या बैठकीत भांडण होईल हे मी आत्ताच लिहून देतो.